घरचं हमस आणि कच्च्या भाज्या: भिशीतल्या बायकांनी (आणि त्यांच्या नवऱ्यांनी) मला परत परत विचारलेले प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आमच्या भिशीत मी समोसे-कचोरीच्या ऐवजी हमस आणि कापलेल्या भाज्यांचं मोठं ताट नेलं, आधी सगळ्यांनी नाकं मुरडली आणि वीस मिनिटांत वाडगा चाटून-पुसून साफ. तेव्हापासून फोन चालूच आहेत. चणे किती भिजवू, ताहिनी कुठे मिळते, माझं कडू का झालं, सासूबाईंना कसं खिलवू. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मी काही शेफ-बिफ नाही, इंदूरला रामबागेत राहते, पाच लिटरचा कुकर आहे आणि तीन भांड्यांचा साधा मिक्सर आहे, त्यात जे जमलं तेच सांगतेय.

हमस म्हणजे नक्की काय? चटणी का भाजी?

काबुली चणे गाळ शिजवून, तिळाची पेस्ट (तिला ताहिनी म्हणतात), लिंबू, लसूण आणि मीठ घालून गुळगुळीत वाटलेलं. खायचं बुडवून. अरबी भाषेत हुम्मुस म्हणजे चणाच, आणि पदार्थाचं पूर्ण नाव हुम्मुस बि तहिना, म्हणजे सरळ "ताहिनीवाले चणे". आमच्या सासूबाई त्याला थंड पिठलं म्हणतात आणि खरं सांगू, फार चुकत नाहीत.

काबुली चणे कोणते आणू? दुकानदार विचारतो डॉलर देऊ का, मी गडबडून जाते.

अगं ह्या बाबतीत आपण इंदूरवाले नशीबवान आहोत. माळव्यात काबुली चण्याला डॉलर चनाच म्हणतात, मोठा दाणा बाहेर देशात जातो आणि डॉलर आणतो म्हणून ते नाव पडलं म्हणे. इथल्या मंडीत त्याचे भाव दाण्याच्या आकारावर ठरतात, ४२-४४, ४४-४६, ५८-६० असे आकडे ऐकले असतील. त्याचा अर्थ एवढाच की एका औंसात, म्हणजे साधारण २८ ग्रॅममध्ये, तितके दाणे बसतात, म्हणून आकडा जितका छोटा तितका दाणा मोठा आणि भाव चढा. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोवर मी ४२ स्वस्त आणि ६० महाग असंच समजत होते.

हमससाठी मोठा दाणा अजिबात लागत नाही. छोले करताना ताटात दाणा दिसायला हवा म्हणून मोठा घेणं ठीक, इथे तर वाटायचेच आहेत, आणि लेबनन-पॅलेस्टाईनकडे पण हमसला बारीक दाण्याचेच चणे पसंत करतात. मी सियागंजातून ५८-६० आणते. भिजतात लवकर, शिजतात एकसारखे, पैसे वाचतात. बघायचं ते नवीन-जुनं. चणा रब्बीचं पीक, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये घेतलेला माल ताजा असतो. दाणा पिवळट-पांढरा आणि भरलेला दिसला पाहिजे, काळपट पडलेला किंवा भोकं असलेला नको.

किती भिजवायचे आणि किती शिट्ट्या? (हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो)

पाव किलो चणे रात्री भरपूर पाण्यात भिजवा, चण्याच्या तिप्पट-चौपट पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. ८ ते १० तास. उन्हाळ्यात ओट्यावर नको, फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी फेस येतो आणि आंबूस वास मारतो, मे महिन्यात माझा एक अख्खा घाणा असाच गेला. सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, दोनदा धुवायचं (गॅसचा त्रास होतो म्हणणाऱ्यांनी तर हे नक्कीच), आणि नवीन पाणी घालून पाव छोटा चमचा सोडा टाकून कुकर लावायचा. पाणी चण्यांच्या दोन बोटं वर. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, चण्याला फेस येतो आणि शिट्टीचं भोक बुजतं. माझ्याकडे एकदा झालंय, छतापर्यंत शिंतोडे, नशीब कोणी समोर उभं नव्हतं.

मोठ्या आचेवर ३ शिट्ट्या, मग गॅस एकदम बारीक करून २० ते २५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्ट्या मोजत बसू नका कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. एक दाणा काढून अंगठा आणि बोटात धरा, जोर न लावता त्याची पेस्ट झाली पाहिजे. छोले-भटुऱ्याला शिजवतो तसे "शिजलेत पण दाणा उभा आहे" असे चालणारच नाहीत, लोकांचं हमस रवाळ होतं ते नव्वद टक्के ह्याच कारणाने, मग बिचाऱ्या मिक्सरला शिव्या पडतात. चणे फुटले, पाण्यात विरघळायला लागले, तरी चांगलंच.

सोड्याने काय होतं तर सालातली पेशींना धरून ठेवणारी जी चिकटी असते ती ढिली पडते म्हणून दाणा पटकन मऊ होतो. पण जास्त टाकलात तर साबणासारखी चव येते, म्हणून सांगितलाय तेवढाच. इनो टाकू नका प्लीज, त्यात आम्ल पण असतं, सोड्याचा फायदा तिथेच संपतो.

सगळं करूनही माझे चणे कडकच राहतात!

दोन कारणं असतात. एक तर चणे जुने, गरमीत आणि दमटीत वर्षभर पडलेले, ते कितीही शिजवा आतून टणकच. दुसरं पाणी. बोअरिंगचं पाणी जड असतं, त्यातला कॅल्शियम सालाला घट्ट धरतो आणि दाणा मऊ होत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये वापराला बोअरिंग आणि प्यायला नर्मदा, मी आधी आळसापायी बोअरिंगच्याच पाण्यात भिजवायची. नर्मदेच्या पाण्यात भिजवून-शिजवून बघा, फरक हाताला कळेल. आणि शिजताना लिंबू, टोमॅटो, चिंच असलं काही आंबट आत नको.

सालं काढायची का? युट्यूबवर एक बाई एकेक दाणा सोलत बसलेली दाखवतात.

तुमच्याकडे वेळ आणि सिरीयल दोन्ही असेल तर सोला. मी नाही सोलत. सोडा टाकून गाळ शिजवले की अर्धी सालं वरच तरंगतात, पाणी ओतायच्या आधी ती झाऱ्याने काढून टाकायची, राहिलेली वाटली जातात. चणे शिजवलेलं पाणी मात्र फेकू नका, एक वाटी बाजूला ठेवा, नंतर कामी येईल.

ताहिनी कुठे मिळेल? इंदूरला मिळते का?

मिळते. मॉलमधल्या सुपरमार्केटात आणि ऑनलाईन बाटल्या असतात, पण छोटीशी बाटली आणि भाव बघून चक्कर येते. आपल्याकडे तिळाची काय कमी आहे हो, संक्रांतीला घराघरात किलोने येतात. घरी करा.

पांढरे, साल काढलेले तीळ घ्यायचे, दुकानात धुतलेले किंवा पॉलिशवाले म्हणून मागा, आपल्याकडे तिल्ली म्हणालात की लगेच समजतं. सालासकटचे मळकट तीळ चिक्कीला ठीक पण त्यांची ताहिनी काळसर आणि कडवट होते. २०० ग्रॅम तीळ जाड बुडाच्या कढईत एकदम मंद आचेवर, सारखे हलवत, ४-५ मिनिटं. रंग बदलायचा नाही! फक्त गरम होऊन हलका खमंग वास सुटला की लगेच ताटात काढून पसरा, कढईत ठेवलेत तर त्या उष्णतेने पुढे भाजत राहतात. तीळ पूर्ण गार होऊ द्या, मग चटणीच्या भांड्यात नुसतेच फिरवा. आधी पूड होईल, मग गोळा होईल, भांड्याच्या कडांना चिकटून बसेल, चमच्याने खरवडून परत फिरवायचं, असं सात-आठ वेळा. मग दोन-तीन मोठे चमचे तिळाचं साधं तेल (भाजलेल्या तिळाचं चायनीजवालं काळं तेल नाही) किंवा कुठलंही बिनवासाचं तेल घाला आणि चमच्यावरून धार पडेल इतकं पातळ होईपर्यंत वाटा. मधे मधे मिक्सरला दम खाऊ द्या. काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये महिनाभर आरामात राहते, वर तेल आलं तर ढवळून घ्यायचं.

माझी ताहिनी कडू झाली. आता हमस पण कडू. वाचवता येईल का?

थोडाफार कडवटपणा तिळाचा असतोच आणि तो लिंबू-मिठाने झाकला जातो. पण तीळ गुलाबी-तांबूस होईपर्यंत भाजले असतील तर काही उपाय नाही बाई. आपल्याला तिळगुळासाठी खमंग भाजायची सवय, हात तिथेच जातो. मी पहिल्यांदा असंच केलं, वाटलं साखर घालून जमेल, ते आणखीनच विचित्र लागलं, शेवटी तेवढं घरात पराठ्यांमध्ये खपवलं. जुने तीळ असतील तरी खवट लागतात, म्हणून भाजायच्या आधी चिमूटभर चावून बघा.

ताहिनीच्या ऐवजी दाण्याचं कूट चालेल? किंवा दही?

चालेल म्हणजे खाता येईल, चांगलं पण लागेल. पण मग ते हमस नाही, दाण्याच्या चटणीची चुलत बहीण झाली. घट्ट चक्का घातला तर मऊ आणि आंबट होतं, मुलांना आवडतं, पण दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. एखाद्याला तिळाची ॲलर्जी असेल तर हेच पर्याय वापरा. आणि पाहुण्यांना आधी सांगा की ह्यात तीळ आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

बरं, आता एकदाचं प्रमाण सांग ना.

पाव किलो कोरडे चणे (शिजून साडेपाचशे-सहाशे ग्रॅम होतात), १२५ ते १५० ग्रॅम ताहिनी, दोन-तीन रसाळ लिंबं, लसणाच्या दोन मोठ्या पाकळ्या, दीड छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि बर्फाचं पाणी लागेल तसं, अर्धी वाटी तरी. पाऊण किलोच्या वर होतं, दहा-बारा जणांना भाज्यांबरोबर पुरतं. चौघांच्या घराला निम्मं करा.

करायचं असं. एका वाडग्यात लिंबाचा रस, त्यात लसूण किसून आणि मीठ घालून दहा मिनिटं नुसतं ठेवा. मग त्यात ताहिनी घालून फेटा. आता ते एकदम घट्ट होईल, दगडासारखा गोळा, घाबरू नका, सगळ्यांचं होतं, इथे निम्म्या बायका मला फोन करतात. बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने घालत फेटत राहा, पाच-सहा चमच्यांनंतर अचानक ढिलं पडतं आणि पांढरं शुभ्र, फेटलेल्या श्रीखंडासारखं होतं. इकडे मिक्सरमध्ये चणे वाटायचे, कोमट असतानाच, कारण गार झालेले चणे तितके गुळगुळीत होत नाहीत. पण उकळते नको, बंद भांड्यात वाफ कोंडून झाकण उडतं. चण्यांची पेस्ट झाली की ताहिनीचं मिश्रण त्यात घालून परत तीन-चार मिनिटं फिरवा.

चाखून बघा. मीठ आणि लिंबू थोडं जास्तच वाटलं पाहिजे कारण काकडी-गाजराला स्वतःचं मीठ नसतं. आणि पातळ ठेवा, इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट, फ्रिजमध्ये गेल्यावर आळतं. जास्तच आळलं तर ते चण्याचं बाजूला ठेवलेलं पाणी घालून ढवळायचं.

माझा मिक्सर गरम होऊन बंद पडतो. फूड प्रोसेसर घेऊ का?

ह्यासाठी नका घेऊ. मिक्सर उलटा करून बुडाशी बघा, एक छोटं लाल बटण असतं, जास्त लोड आला की ते बाहेर येतं. दहा मिनिटं गार होऊ द्या आणि बटण दाबा. माझ्या नणंदेने मिक्सर जळला समजून दुकानात नेला होता, दुकानदाराने बटण दाबून परत दिला आणि वर हसला. भांडं अर्धंच भरा, दोन-तीन घाण्यांत करा, अडकलं की पाणी घाला, आणि पाण्याऐवजी दोन बर्फाचे खडेच टाकले तर अजून उत्तम, वाटण गार राहतं.

लसणाचा वास दिवसभर तोंडाला येतो. आणि आमच्या शेजारी जैन आहेत, त्यांना कसं देऊ?

वास उग्र होतो कारण लसूण ठेचली की तिच्यात तो तिखटपणा तयार व्हायला लागतो, आणि आंबट रस त्याला तिथेच थांबवतो. म्हणून वर लिहिलंय की लिंबातच किसा, आधी किसून ठेवू नका. वाटलेली तयार आलं-लसूण पेस्ट तर अजिबात नको, सगळ्या हमसला पावभाजीचा वास येतो.

जैन शेजारी इंदूरला प्रत्येकाच्याच मजल्यावर आहेत, माझ्या तर दोन्ही बाजूला. त्यांच्यासाठी लसूण पूर्ण गाळा, त्याऐवजी चिमूटभर हिंग एक चमचा गरम तेलात फुलवून घाला आणि जिरं जरा वाढवा. सुंदर लागतं, मी कधीकधी घरी पण असंच करते. ताटात मात्र त्यांना गाजर, मुळा, बीट देऊ नका, जमिनीखालचं चालत नाही. काकडी, शिमला मिरची, टोमॅटो ठेवा, आणि चातुर्मासात आधी विचारूनच ठेवा कारण तेव्हा हिरव्या भाज्या पण बरेच जण सोडतात.

ऑलिव्ह ऑईल पाहिजेच का? केवढं महाग!

आत घालायची गरज नाही, स्निग्धपणा ताहिनीचा असतो. वरून दोन चमचे सोडायला पाहिजे, तिथे चांगलं असेल तर मजा येते. नसेल तर घाण्याचं तिळाचं किंवा शेंगदाण्याचं सोडा. सोयाबीनचं तेल आपल्याकडे घरोघरी असतं पण ते कच्चं वरून छान लागत नाही, त्यापेक्षा काहीच नको.

कोणत्या भाज्या ठेवू? काकडी-गाजर सोडून काही सुचत नाही.

मोसम बघा ना, इंदूरला भाज्यांची चैन आहे. हिवाळ्यात लाल गाजर, कोवळा पांढरा मुळा, नवलकोल (इथे गाठगोभी म्हणतात, सोलून त्याच्या काड्या करा, सफरचंदासारखी कुरकुरीत लागते आणि हमसबरोबर माझी सगळ्यात आवडती), मटारच्या अख्ख्या कोवळ्या शेंगा, बीट. बीट अगदी शेवटी ठेवा आणि वेगळ्या कोपऱ्यात, नाहीतर सगळं ताट रंगपंचमीची गेर होतं. उन्हाळ्यात काकडी आणि रंगीत शिमला मिरची. लाल-पिवळी गोड असते, हिरवी जरा कडवट, पण रंगासाठी चार काड्या चालतील. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या माळव्याची बालम काकडी येते, ती लठ्ठ लांबलचक, आतून पिवळी-केशरी, ती मिळाली तर दुसरं काही ठेवूच नका, बिया काढून बोटभर फोडी करा बस. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ही माहीत नसते, त्यांना आधी चव द्यायची आणि मग नाव सांगायचं.

काकडी कापायच्या आधी टोक चाखा, कडू असेल तर दोन्ही टोकं जास्त कापा, आणि तरी कडूच असेल तर फेका, कडू काकडी किंवा दुधी "एवढंसं काय होतंय" म्हणून खायचा नसतो.

फ्लॉवर आणि ब्रोकोली मी उकळत्या मिठाच्या पाण्यात एक मिनिट टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढते. कच्चे पण लोक खातात पण मला तो उग्र वास आवडत नाही. फरसबी मात्र कच्ची ठेवू नका, कच्च्या बीन्समध्ये पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ती शिजवूनच.

आणि गराडू, तो आपल्या माळव्यातला कंद? कोणीतरी विचारलंच होतं. कच्चा तर मुळीच नाही, घसा आणि हात खाजतील. पण तळलेला गरम गराडू हमसमध्ये बुडवून, वर लिंबू पिळून... करून बघा आणि मग मला सांगा.

कच्च्या भाज्या खायला भीती वाटते. कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणतात.

भीती अगदीच खोटी नाही पण किडा चुकीचा पकडलाय. कोबीत दिसते ती हिरवी अळी डोक्यात-बिक्यात जात नाही. त्रास होतो तो डुकरातल्या फीतकृमीच्या अंड्यांनी, ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि घाण पाण्यावर किंवा मातीत वाढलेल्या कुठल्याही भाजीवर असू शकतात, पानांच्या आणि जमिनीलगतच्या भाज्यांवर जास्त. म्हणून वाहत्या नळाखाली एकेक चोळून धुवायचं, नुसतं पातेल्यात बुचकळून काढायचं नाही. गाजर-मुळा आधी माती जाईपर्यंत धुवा, मग सोला, मग परत धुवा. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या बाहेर येतात, पण सगळे जंतू मरतात अशा भरवशावर राहू नका. कोबी, पालक, सॅलडची पानं मी पावसाळ्यात कच्ची ठेवतच नाही. ज्यांचं साल काढता येतं त्या भाज्या सगळ्यात सेफ. आणि विळी-सुरी, पाट, स्वतःचे हात, हे पण धुवायचे असतात, ते कोणी विचारत नाही!

आदल्या रात्री कापून ठेवल्या तर चालतात का?

गाजर, मुळा, नवलकोल चालतात. काड्या करून डब्यात गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, सकाळी जास्तच कुरकुरीत होतात. काकडी आणि शिमला मिरची पाण्यात नको, ओलं फडकं घट्ट पिळून त्यात गुंडाळून ठेवा. टोमॅटो वेळेवरच. मीठ-मसाला आधी लावायचा नाही, पाणी सुटून सगळं लुळं पडतं. काड्या बोटाएवढ्या जाड ठेवा, फार बारीक केल्या तर हमसमध्ये मोडतात आणि मग सगळे वाडग्यात बोटं घालून शोधतात.

लहान मुलांना देऊ शकतो का?

हमस हो, मीठ कमी करून, आणि तीळ पहिल्यांदा देत असाल तर अर्धा चमचा देऊन लक्ष ठेवा. कच्च्या गाजराचे कडक तुकडे मात्र चार वर्षांच्या आतल्या पोरांना नको, घशात अडकतात. वाफवून मऊ करून द्या किंवा काकडीचे लांब पातळ काप.

किती दिवस टिकतं? डब्याला, प्रवासाला?

फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ३-४ दिवस. बाहेर दोन तास, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एका तासाच्या वर नाही, मोठ्या वाडग्यात बर्फ घालून त्यात हमसचा वाडगा बसवा. काय होतं, ह्यात तेल आणि लिंबू आहे म्हणून लोक लोणच्यासारखं समजतात, पण हे शिजवलेलं कडधान्य आहे, आमटी जशी खराब होते तसंच होतं. आंबूस वास, बुडबुडे, चिकट तार दिसली की सरळ फेका. ट्रेनच्या प्रवासाला मी नेत नाही. शाळेच्या डब्यात हिवाळ्यात चालतं. फ्रीझरमध्ये महिनाभर राहतं, वरचं तेल न घालता ठेवा, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढा आणि जोरात फेटा. खरं तर मी शिजवलेले चणेच फ्रीझ करते, ते जास्त सोपं पडतं.

वजन कमी होतं का? शुगरवाल्यांना चालतं?

हमसने वजन कमी होत नाही, हमस ज्या समोश्याच्या जागी बसलं त्या समोश्याने कमी होतं. दोन मोठ्या चमच्यांत साधारण सत्तर कॅलरी आणि दोन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे प्रोटीनची खाण वगैरे नाही, जिमवाल्या भाच्यांना सांगा. ताहिनीमुळे फॅट असतंच. चण्याने साखर हळूहळू चढते आणि फायबर भरपूर, म्हणून पाव-बिस्किटापेक्षा शुगरवाल्यांना बरं, पण औषध चालू असेल तर किती खायचं ते आपल्या डॉक्टरलाच विचारा. उपवासाला चालत नाही, हे पण विचारलंय एकीने, तीळ असले म्हणून काय झालं, चणे आहेत ना त्यात.

वर सेव टाकली तर?

भिया, इंदूर आहे, टाका. जीरावन तर मी दर वेळी भुरभुरते, त्यात जिरं, आमचूर, काळं मीठ, सुंठ सगळं असतं आणि त्या लिंबू-तिळावर ते असं काही बसतं की अरबस्तानात सुमाक नावाची आंबट लाल पूड टाकतात तिची आठवण येऊ नये. सेव बारीक, लवंगवाली, अगदी वाढताना, नाहीतर मऊ पडते. कोणी शुद्धतावादी आले तर त्यांना साधा वाडगा वेगळा द्यायचा, वर तेल, काश्मिरी मिरचीची पूड आणि चार अख्खे चणे.

ओल्या हरभऱ्याचं होतं का?

जानेवारीत छोडचे ढीग लागतात तेव्हा नक्की करा. ओले दाणे पाच-सात मिनिटं उकळून, बर्फाच्या पाण्यात काढून, ताहिनी निम्मी, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर. सोडा नको. रंग असा येतो की फोटो काढल्याशिवाय कोणी खात नाही. दाणे सोलायला घरातल्या माणसांना बसवा, टीव्ही लावून द्या.

हे लेबननचं की इस्रायलचं? माझा मुलगा भांडतो.

त्या भांडणात मी नाही पडत बाई. चणे वाटून खायच्या कृती तेराव्या शतकातल्या अरबी पाकपुस्तकांत आहेत, म्हणजे आजचे हे देश नकाशावर नव्हते तेव्हापासूनच्या. पण भांडण गमतीचं आहे. २०१० च्या जानेवारीत इस्रायलमधल्या अबू घोष गावात चार टनांच्या वर हमस एका थाळीत करून विक्रम केला, तर मे महिन्यात लेबननवाल्यांनी १०,४५२ किलो करून तो मोडला. आकडा असाच नाही निवडलेला, लेबननचं क्षेत्रफळ आहे १०,४५२ चौरस किलोमीटर!

उरलं तर काय करू?

उरत नाही. उरलंच तर पोळीला आतून लावून काकडी-कांदा भरून गुंडाळी, किंवा कणकेत मळून पराठे, पाणी कमी घाला कारण पीठ सैल होतं. भेंडीच्या किंवा वांग्याच्या रश्शात दोन चमचे घातलं तर रस्सा दाट होतो आणि काय घातलंय ते कोणाला ओळखू येत नाही, सासूबाईंना तर नाहीच, मागच्या आठवड्यात दोनदा वाढून घेतला त्यांनी.